बेल्जियमच्या जत्रेतल्या शर्यती

बेल्जियममधल्या माझ्या पहिल्या शर्यतीचा नंबर मला बारमध्ये मिळाला. गावच्या चर्चसमोर एक छोटा बार होता. काउंटरवर म्हातारी माणसं बिअरचे ग्लास धरून बसलेली, आणि त्यांच्या मागं, एरवी पत्ते खेळायच्या टेबलावर, चष्मा लावलेली एक बाई आमची ओळखपत्रं ठेवून घेऊन पाठीवर लावायचे नंबर वाटत होती. मी त्याआधी कधी बारची पायरी चढले नव्हते. नंबर हातात घेऊन बाहेर आले आणि पहिलं काम काय केलं, तर उदगीरला फोन लावला.

"मिळाला का नंबर?" पप्पांनी विचारलं.

"मिळाला. बारमध्ये मिळाला."

पप्पांनी आवाज खाली आणला. मग ते म्हणाले, "बायामाणसं हायत का तिथं?"

"नंबर देणारी बाईच आहे, पप्पा."

"मंग हरकत न्हाई. पाणी पिऊन घे."

पप्पा जळकोटच्या वाटेवरल्या एका गावात जिल्हा परिषदेच्या शाळेवर मास्तर आणि आई उदगीरच्या सरकारी दवाखान्यात नर्स. दोघांची इच्छा मी डॉक्टर व्हावं ही. म्हणून बारावीनंतर मला लातूरला क्लासला ठेवलं. लातुरात माझ्यासारख्या हजारो पोरी होत्या, खोलीखोलीतून जीवशास्त्र पाठ करत बसलेल्या. मी पहाटे सायकल काढायचे आणि अंबाजोगाई रस्त्याला लागायचे. एका तासानं परत यायचं असं रोज ठरवायचे. पण पुढचं वळण कसं असेल हे बघितल्याशिवाय मला मागं फिरवतच नव्हतं. परीक्षेत दोनदा मागं पडले. पप्पा एवढंच म्हणाले, "तुझं चित्त पुस्तकात न्हाई, रस्त्यावर हाय. मंग रस्त्याचंच शीक." मी नांदेडला खेळाच्या शिक्षणाला गेले, विद्यापीठाकडून शर्यती खेळले, काही जिंकले, आणि नांदेडमध्येच एका शाळेत क्रीडाशिक्षिका झाले.

बेल्जियमचं वेड मोबाइलवरनं लागलं. तिकडच्या गावोगावच्या शर्यतींचे व्हिडिओ मी रात्रीचं जेवण झालं की बघायचे. मला एका गोष्टीचं नवल वाटायचं. गाव एवढंसं, रस्ता एवढासा, आणि शंभर बाया त्यावरून अशा वेगानं जातात की हॅन्डलला हॅन्डल घासतंय, तरी कुणी ओरडत नाही. हे कसं जमतं? व्हिडिओत ते कळत नव्हतं. परदेशी हौशी खेळाडूंना उन्हाळ्यात खोली देणाऱ्या एका घराचा पत्ता मला तिकडच्या एका सायकल क्लबनं कळवला. सायकल महासंघाची परवानगी काढली, शाळेची सुट्टी आणि वर थोडी बिनपगारी रजा जोडली, आणि सायकल पुठ्ठ्याच्या खोक्यात बांधून निघाले. घरचे सगळे हैदराबादच्या विमानतळावर सोडायला आले. आईनं शेंगदाण्याचे लाडू आणि डब्यातून जवसाची चटणी दिली होती, ते सगळं खोक्यातच चाकांच्या मधल्या जागेत बसवलं.

तर ती पहिली शर्यत. शिट्टी झाली आणि आम्ही गावाभोवतीच्या फेऱ्यांना निघालो. नांदेडला मी सुरुवातीपासून पुढं असायचे. इथं पहिल्याच वळणावर माझ्या दोन्ही बाजूंनी एवढ्या सायकली आत घुसल्या की मी आपोआप शेवटाला गेले. तरी सपाट रस्त्यावर टिकून होते. मग गावाबाहेर आलो, शेतं लागली, आणि डावीकडनं वारा आला.

वारा मला नवा नव्हता. उन्हाळ्यात नांदेड-लातूर रस्त्यावर समोरनं असं वारं सुटतं की सायकल उभीच राहते. पण इथला वारा बाजूनं येत होता, आणि पुढच्या बायांनी अचानक असं काहीतरी केलं की सगळा जथा तिरका झाला. मी रस्त्याच्या उजव्या कडेला, गवताला चिकटून, समोरच्या चाकाकडं बघत जीव खाऊन पायडल मारत होते. समोरची जरा मागं पडली, तिच्यामागं मी पडले, आणि बघता बघता सगळ्या इतक्या लांब गेल्या की त्यांच्या कपड्यांचे रंगच तेवढे दिसायला लागले. दुसऱ्या फेरीत चर्चसमोर एका माणसानं शिट्टी फुंकून लाल झेंडा दाखवला. म्हणजे थांबा, फार मागं पडलात, तुमची शर्यत संपली.

रडू आलं. पण ते गालावर यायच्या आधी मला प्रश्न पडला होता. त्यांनी नेमकं केलं काय? माझ्या पायांत दम नव्हता म्हणावं, तर गावातल्या सरळ रस्त्यावर मी त्यांच्याबरोबरच होते. मी नंबर काढला, सायकल ढकलत शेतातल्या त्याच रस्त्यावर परत गेले आणि कडेला उभी राहिले. दर फेरीला त्या यायच्या आणि मी बघायचे. सगळ्यात पुढची बाई रस्त्याच्या डाव्या कडेला, वाऱ्याच्या बाजूला. दुसरी तिच्या थेट मागं नाही, तर जरा उजवीकडं, तिच्या आडोशाला. तिसरी आणखी उजवीकडं. रानात बगळे उडताना दिसतात तशी तिरकी ओळ. रस्त्याची उजवी कड आली की ओळ संपायची. ज्यांना त्यात जागा मिळाली नाही त्या माझ्यासारख्या गवताच्या कडेला, उघड्या वाऱ्यात.

त्या दिवशी पप्पांना फोनवर हे सांगायला गेले तर त्यांनी त्याच्याआधी त्यांचेच प्रश्न काढले. "रस्ते बंद करतेत का शर्यतीसाठी? मंग लोकांनी जायचं कुठून? एसटी?"

"बसपण थांबते, पप्पा. सगळं गाव थांबतं."

"आन ढोरं?"

"ढोरं कुंपणात."

"भांडण न्हाई होत?"

मलाही तेच विचारायचं होतं. ते मी घरमालकिणीला विचारलं. घरमालकीण म्हणजे नवरा गेल्यावर एकटी राहणारी सत्तरीतली बाई. पांढरे आखूड केस, घरात सतत लाकडी तळाचे सपाते घालून टकटक करत फिरायची. इंग्रजी तिचं तुटकं आणि माझंही तसंच, त्यामुळं आमचं बरं जमलं. ती म्हणाली, भांडण कशाला? आज गावाची जत्रा आहे ना. तेव्हा मला उलगडलं. चर्चच्या मागं पाळणे, बंदुकीनं फुगे फोडायचा गाळा, पोरांना गरम गोड पदार्थ. ही शर्यत म्हणजे त्यांच्या जत्रेतला कुस्त्यांचा फडच. आपल्याकडं जत्रेच्या दिवशी लोक फडाभोवती बसतात, तसे हे लोक घरातल्या खुर्च्या आणून रस्त्याकडेला मांडतात. मी तिला मोबाइलवर आमच्या भागातल्या जत्रेतल्या कुस्तीचा व्हिडिओ दाखवला. ती चष्मा वर करून बराच वेळ बघत राहिली. मग तिनं विचारलं, "ही माणसं अंगाला माती का लावतात?" मी पप्पांना विचारलं, पप्पांनी त्यांच्या शाळेतल्या एका पहिलवान मास्तरांना विचारलं, आणि दोन दिवसांनी उत्तर आलं की घाम शोषला जातो आन पकड बसते. घरमालकिणीनं ते लक्ष देऊन ऐकलं आणि समाधानानं मान हलवली.

त्या घरात माझ्याबरोबर न्यूझीलंडची एक मुलगी होती. तिचा तिथला तिसरा उन्हाळा. माझ्यापेक्षा उंच, मोठ्यानं हसणारी. माझ्या तिरक्या ओळीची गोष्ट ऐकून तिनं दोरीवरचे कपड्यांचे चिमटे काढून आणले आणि स्वयंपाकघरातल्या टेबलावर मांडले.

"हे तुझं चुकलं," ती शेवटचा चिमटा टेबलाच्या कडेला ढकलत म्हणाली. "ओळीत जागा नाही, तर कडेला लटकायचं नाही. ओरडायचं आणि मागं दुसरी ओळ करायची."

"कुणाला ओरडायचं?"

"जी कोण असेल तिला."

"कोणत्या भाषेत?"

ती हसली. "वाऱ्यात भाषा कोण ऐकतंय?"

पुढचे काही आठवडे तसे गेले. आठवड्यातून दोन-तीन शर्यती, वेगवेगळी गावं, प्रत्येक गावाचा बार वेगळा. मी तिसऱ्या फेरीपर्यंत टिकू लागले, मग अर्ध्या शर्यतीपर्यंत. लाल झेंडा मात्र प्रत्येक वेळी. पण मला शिकायला मिळत होतं आणि त्याची एक वेगळीच गोडी होती. वळणाच्या आधी ब्रेक कधी सोडायचा, दगडी फरशीच्या रस्त्यावर हॅन्डल सैल का धरायचं, पुढची बाई कोपर हलवते म्हणजे आता पुढं येऊन वारा खायची पाळी तुझी, असं म्हणते. मी कोपरं वाचायला शिकले. नांदेडला आम्ही शर्यतीत एकमेकींच्या तोंडाकडं बघायचो. इथं तोंडावर काहीच दिसत नसे, सगळं कोपरात.

मग न्यूझीलंडची मुलगी पडली. पावसानं ओल्या झालेल्या वळणावर पुढचीचं चाक सटकलं आणि पाच-सहाजणी एकीवर एक आल्या. मी बरीच मागं होते म्हणून वाचले. मी पोचले तेव्हा ती रस्त्याच्या कडेला बसून उजवा हात डाव्या हातानं धरून होती आणि म्हणत होती, "माझी सायकल बघ, सायकल बघ." तिच्या गळ्याखालचं हाड मोडलेलं मला जर्सीवरूनसुद्धा दिसत होतं. मी सायकल कुंपणाला लावली आणि तिच्याजवळ बसले. झेंडेवाला मला ओरडून पुढं जायला सांगत होता. मी गेले नाही. तशीही मी झेंड्याचीच वाट बघत होते.

दवाखान्यातून तिला पट्टा बांधून घरी पाठवलं. हात वर होईना. घरमालकिणीला गुडघ्याच्या दुखण्यानं वाकता येत नव्हतं. मग मीच तिला न्हाऊ घालायचे. आई दवाखान्यात रुग्णांना अंघोळ घालते तशी, आधी खांद्यावर टॉवेल, मग डोकं मागं. व्हिडिओ कॉलवर आई सांगायची, "जोर देऊ नको तिकडून. काखेत कोरडं ठेव, न्हाईतर कातडी जाते." न्यूझीलंडच्या मुलीला काही कळत नव्हतं, पण ती आईला अंगठा दाखवायची आणि आईही तिला अंगठा दाखवायची. एके दिवशी केस विंचरताना मी तिला विचारलं, "तू घरी का जात नाहीस?"

"मला बघायचंय," ती म्हणाली, "तू शेवटपर्यंत जातेस का ते."

ती ते गंमत म्हणून म्हणत असावी. पण पुढच्या शर्यतीला ती पट्ट्यातला हात घेऊन आली आणि वारा लागणाऱ्या वळणावर पाण्याच्या बाटल्या घेऊन उभी राहिली. घरमालकीणही घडीची खुर्ची घेऊन आली.

त्या दिवशी काय झालं ते मला अजून पूर्ण उमगलेलं नाही. वारा लागला. पुढं ओळ तिरकी झाली आणि भरली. मी कडेला लटकले नाही. "मागं या, मागं या, दुसरी लावा!" असं मी ओरडले, आणि ते मराठीत निघालं. विचार करायला वेळच नव्हता. पण माझ्या बाजूच्या दोघींनी माझं ऐकलं, मागं आल्या, आणि आमची दुसरी ओळ झाली. ती पहिलीच्या जवळ राहिली. गावात शिरल्यावर वारा तुटला, पुढच्या सैल पडल्या, आणि आमची ओळ त्याच वेगात त्यांच्या बाजूनं पुढं निघाली. मला वाटलं आमच्या मागं सगळ्या येत असतील. मागं बघितलं तर आम्ही पाचजणीच होतो आणि मागं मोकळा रस्ता.

आम्ही शर्यतीच्या पुढं होतो. मी!

मला धडकी भरली. माझ्या पुढं लाल हेल्मेटची एक दांडगी बाई होती, तिथलीच, वयानं माझ्याहून बरीच मोठी. ती दर थोड्या वेळानं मान वळवून माझ्याशी त्यांच्या भाषेत बोलायला लागली. पुढं येऊन पाळी घे म्हणत असावी, किंवा घेऊ नको म्हणत असावी. मला काही कळेना. मी उत्तर द्यायचे, "हाव बाई, आले, आले." ती आणखी काहीतरी बोलायची. मी म्हणायचे, "लई जोरात नको, माझा जीव चाललाय." आणि आश्चर्य म्हणजे ती वेग जरा कमी करायची. मी पुढं जायचे, दम लागेपर्यंत ओढायचे, कोपर हलवायचे आणि मागं यायचे. चर्चसमोरून जाताना खुर्च्यांवरची माणसं उठून उभी राहिलेली मला दिसली. वाऱ्याच्या वळणावर न्यूझीलंडची मुलगी एका हातानं बाटली नाचवत होती आणि काय ओरडत होती ते ऐकू येत नव्हतं.

आम्हाला पकडलं, अर्थात. शेवटच्या फेरीत मागून सगळा जथा आला आणि आम्हाला गिळून पुढं गेला. माझे पाय संपले होते. पण मी जथ्यातच राहिले, मधल्या बायांच्या आडोशाला, आणि त्यांच्याबरोबरच रेषा ओलांडली. कितवी आले ते मी विचारलंच नाही. झेंडेवाला झेंडा खाली धरून उभा होता आणि माझ्याकडं बघतही नव्हता. त्याचं ते न बघणंच मला बक्षिसासारखं वाटलं.

बारच्या भिंतीला टेकून मी बसले होते तेव्हा लाल हेल्मेटवाली आली. हेल्मेट काढल्यावर तिचे केस करडे निघाले. तिनं इंग्रजीत विचारलं, "तू मला काय म्हणत होतीस?"

"मी म्हणत होते, हळू चल, माझा जीव चाललाय. आणि तू?"

ती ओठ चावून हसली. "मी म्हणत होते, हळू चल. माझा जीव चाललाय."

मी खिशातला शेवटचा लाडू मोडून अर्धा तिला दिला. घामानं तो जरा ओला झाला होता. तिनं तो वास घेऊन खाल्ला आणि विचारलं, "यात काय आहे?" शेंगदाणा सांगितला, पण गुळाला इंग्रजीत काय म्हणतात ते मला येईना. मी रस्त्यावर बोटानं ऊस काढून दाखवला. ती गावच्या पोस्टात काम करायची. दुसऱ्या दिवशी सकाळी टपाल वाटायला जायचं होतं, म्हणून लवकर निघाली.

त्यानंतर मी आणखी काही शर्यती पूर्ण केल्या, काहींत झेंडा खाल्ला. पुढं पळण्याचा योग पुन्हा आला नाही. जुलै संपला आणि मी परत आले.

उदगीरला आमच्या गल्लीतल्या बुद्धविहारात माझा सत्कार झाला. पांढरी लुगडी नेसून सगळ्या बाया आल्या होत्या. शाल, फुलं, भाषणं. एका पुढाऱ्यानं मी देशाचं नाव उज्ज्वल केलं म्हटलं आणि मी खाली मान घातली, कारण मी तिथं काहीच जिंकले नव्हते. भाषणं संपल्यावर बायांनी मला चटईवर मधे बसवलं. खरे प्रश्न तिथं सुरू झाले.

"तिकडं शेतात कोण राबतंय? बाया का गडी?"

"यंत्रं जास्त. बाया दिसल्या नाहीत फारशा."

"आन तू सकाळी काय खायचीस?"

"भात. त्यांना हसू यायचं."

आमच्या गल्लीतली एक म्हातारी मावशी, जिनं आयुष्यभर दुसऱ्याच्या शेतावर खुरपणी केली, ती मागं भिंतीला टेकून बसली होती. तिनं विचारलं, "बाळ, तिकडं वास कशाचा येतोय गं?"

हा प्रश्न मला कुणीच विचारला नव्हता. पप्पांनीही नाही. मला एकदम ते सगळं नाकात आलं. शेतात पिंपानं ओतलेलं पातळ खत, पावसाचा ओला रस्ता, बारमधली शिळी बिअर, पायांना चोळायच्या मलमाचा झोंबरा वास.

"शेणाचा," मी म्हणाले. "डुकराच्या शेणाचा. रानारानातून. मैलोगणती."

विहारात हशा उसळला. मावशी मात्र हसली नाही. "मंग जमीन चांगली असंल," ती म्हणाली. "काय पेरतेत?"

मी मका आणि बटाटा सांगितला. आणखी एक निळ्या फुलांचं पीक होतं, त्याचं नाव मला माहीत नव्हतं, म्हणून मोबाइलमधला फोटो शोधून दाखवला. मावशीनं मोबाइल डोळ्याजवळ धरला, लांब धरला. "जवस हाय की गं हे," ती म्हणाली. "हे तर आपल्याकडं बी असतंय."

शेजारच्या बाईनं मोबाइल तिच्या हातातनं घेतला, मग तिच्या शेजारचीनं. फोटो ओळीनं पुढं गेला. प्रत्येक बाई खात्री करून घेत होती. मी त्या निळ्या रानांच्या मधून किती वेळा गेले होते, आणि आईनं डब्यात दिलेली जवसाची चटणी रोज खात होते. मला एकदाही वाटलं नव्हतं की हे तेच आहे.

"तेल काढतेत का ते लोक त्याचं?" मावशीनं विचारलं.

मी घरमालकिणीला विचारते म्हणाले आणि तिथंच चटईवर बसून मेसेज लिहायला घेतला.